न झालेली पांढरी कावीळ

रुग्ण ५४ वर्षांच्या, राहणार धायरी. मधुमेह सोळा वर्षांचा, त्यातूनच किडन्या निकामी होत गेल्या. मेच्या अखेरीस डाव्या हाताच्या फिस्टुलावरून, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीवरून, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. लघवी दिवसाकाठी जेमतेम अर्धी वाटी. घरात मुलगा, सून, एक नातू. सेंटरवरच्या सिस्टर आणि टेक्निशियन त्यांना काकू म्हणतात, म्हणून इथेही काकूच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला घरच्यांची संमती आहे.

मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजी पाहते. आमच्याकडे माणूस येण्याआधी त्याच्या रक्ताची बाटली येते. काकूंची बाटली ६ ऑगस्टला आली, एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी झाली, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली, रिपोर्ट गेला. रोज जातात तसाच. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन (हिपॅटायटिस बीला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात): "मॅडम, आईची पांढरी कावीळ भुईआवळ्यानं गेली. आधी पॉझिटिव्ह होती, आता निगेटिव्ह झाली, असं एक लेटर लॅबच्या पॅडवर मिळेल का?"

त्याच्याकडे दुसऱ्या लॅबचा १३ जुलैचा रिपोर्ट होता. त्यावर एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह. १५ जुलैपासून घरात काढा सुरू होता. ६ ऑगस्टला नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. दोन्ही लॅबच्या तपासण्या बरोबर होत्या, कुणाची बाटली अदलाबदल झाली नव्हती, मुलगा खोटं बोलत नव्हता. एवढ्यावरच कुणी प्रबंध लिहायला बसलं तर भुईआवळ्याची एक यशोगाथा तयार होती. मी त्याला लेटर देत नाही म्हटलं आणि घरातले सगळे कागद घेऊन यायला सांगितलं: रिपोर्टची फाइल, डायलिसिसची वही, लसीचं कार्ड, आणि काढ्याच्या पिशव्यासुद्धा.

घडलं ते असं

डायलिसिस पहिल्यांदा सुरू झालं ते हडपसरच्या बाजूच्या एका सेंटरवर. सुरुवातीला तिन्ही मार्कर, म्हणजे लागण शोधणाऱ्या रक्ततपासण्या, केले होते, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही निगेटिव्ह. हिपॅटायटिस बीविरुद्धची अँटीबॉडी शरीरात नव्हती, म्हणून लस सुरू केली. डायलिसिसच्या रुग्णाला ही लस दुप्पट देतात, एका वेळी ४० मायक्रोग्रॅम, आणि ० - १ - २ - ६ महिने असे चार डोस. किडनी बिघडली की प्रतिकारशक्तीही मंदावते, नेहमीच्या मात्रेला शरीर नीट दाद देत नाही. पहिला डोस १० जूनला, दुसरा ८ जुलैला. इथपर्यंत सेंटरचं काम चोख.

धायरीहून हडपसर म्हणजे पावसाळ्यात जाता-येता तीन तास, त्यात चार तास मशीनवर. मुलानं सिंहगड रोडवरच्या एका सेंटरमध्ये जागा मिळवली. नव्या सेंटरनं ताजे मार्कर मागितले, तेही योग्यच. १२ जुलैला रक्त दिलं, १३ला रिपोर्ट आला आणि घर हादरलं.

नव्या सेंटरकडे हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णासाठी वेगळं मशीन नव्हतं, त्यांनी हात वर केले. जुन्या सेंटरनं नाही म्हटलं नाही, पण काकूंना नेहमीच्या मशीनवर घेणंही बंद केलं. या गोंधळात एक डायलिसिस चुकलं. १७ जुलैपासून त्यांना जुन्याच सेंटरच्या बी पॉझिटिव्ह मशीनवर, रात्रीच्या शिफ्टमध्ये जागा मिळाली. त्या मशीनवर गर्दी, त्यामुळे चारऐवजी तीन तासच.

वेगळ्या मशीनच्या आग्रहाला इतिहास आहे. १९६९-७० मध्ये एडिनबरोच्या डायलिसिस विभागात हिपॅटायटिसची साथ पसरली आणि रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. हा विषाणू रक्ताच्या वाळलेल्या, डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या डागात निदान आठवडाभर जिवंत राहतो. तेव्हापासून बी पॉझिटिव्ह रुग्णाची खोली, मशीन आणि शक्य तर सिस्टरही वेगळी, हा जगभरचा नियम झाला आणि त्यानं खरोखर साथी थांबल्या. पण हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो. ज्याला बी नाही आणि लसीचं संरक्षणही अजून तयार झालेलं नाही, अशा माणसाला चुकून बीच्या मशीनवर बसवलं तर ज्यापासून वाचवायचं त्याच्याच शेजारी नेऊन बसवल्यासारखं होतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती याचीच, काढ्याची नंतर.

काढा कुठून आला? मुलाच्या सासुरवाडीच्या एका पाहुण्यांकडून. त्यांना पूर्वी कावीळ झाली होती आणि भुईआवळ्यानं उतरली होती. (बहुतेक ती दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई असणार. ती बहुतेकांची आपली आपणच बरी होते, आणि त्या बरं होण्याच्या श्रेयावर महाराष्ट्रात कित्येक कावीळ उतरवणाऱ्यांची घराणी उभी आहेत.) मंडईजवळच्या काष्टौषधींच्या दुकानातून भुईआवळा, पुनर्नवा आणि गोखरू आणले. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, गोखरू म्हणजे सराटे. किडनीसाठी म्हणून दुकानदारानं पांढऱ्या पावडरच्या पुड्याही दिल्या, एकेक ग्रॅमच्या, दिवसातून दोन. काढा सकाळ-संध्याकाळ एकेक कप.

२४ जुलैच्या पहाटे काकूंना पलंगावरून उठता येईना. पायांत ताकदच नव्हती. इमर्जन्सीत ईसीजीवर टी लाटा उंच आणि टोकदार, पोटॅशियम ७.१. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन लगेच मशीनवर घेतलं. वेळेत पोचल्या म्हणून निभावलं. सातच्या वर पोटॅशियम गेलं की हृदय कधी थांबेल याचा भरवसा नसतो. तिथल्या डॉक्टरांनी नारळपाणी, टोमॅटो, केळी, डाळी सगळं विचारलं. औषधं कोणती चालू आहेत हेही विचारलं. काढ्याचं नाव कुणी काढलं नाही. सूनबाई नंतर म्हणाल्या, "मॅडम, तो पाला होता ना, औषध कुठे?" पुड्या तेवढ्या संपल्या होत्या, पुन्हा आणल्या नाहीत. काढा चालू राहिला.

कार्डावरची तारीख

सगळे कागद टेबलावर पसरल्यावर फार वेळ लागला नाही. लसीचं कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं, फाइलमध्ये नव्हतं, त्यामुळे नव्या सेंटरनं ते पाहिलंच नव्हतं. दुसरा डोस ८ जुलै. रक्त दिलं १२ जुलैला. मध्ये चार दिवस.

हिपॅटायटिस बीच्या लसीत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतात आणि तेच टोचतात. त्या प्रथिनाचं नाव एचबीएसएजी. आमची तपासणी रक्तात शोधते तेही तेच. टोचल्यावर ते काही दिवस रक्तात फिरतं आणि आजकालची केमिल्युमिनेसन्सची यंत्रं इतकी संवेदनशील आहेत की तेवढं अंशमात्र प्रथिनही पकडतात. साध्या माणसात अशी तात्पुरती पॉझिटिव्हता अठरा दिवसांपर्यंत, डायलिसिसच्या रुग्णांत एकवीस दिवसांपर्यंत नोंदलेली आहे. डोसच दुप्पट, त्यामुळे डायलिसिसच्या विभागांत हे जास्त दिसतं. म्हणून लसीनंतर चार आठवडे ही तपासणी टाळायची, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. ज्यांना हे माहीत असायला हवं त्यांना ते माहीत असतंही. फक्त रक्त काढणाऱ्याच्या फॉर्मवर "शेवटची लस कधी घेतली" असा रकाना नसतो.

१३ जुलैच्या रिपोर्टवर बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता: ३.१. यंत्र रुग्णाच्या नमुन्याचा संकेत आणि ठरलेली सीमा यांचं गुणोत्तर काढतं. एकच्या पुढे गेलं की रिअ‍ॅक्टिव्ह. वर्षानुवर्षं बी अंगात असलेल्या रुग्णांत हा आकडा बहुधा शेकड्यांत किंवा हजारांत दिसतो. ३.१ म्हणजे उंबरठ्यावरच. अशा नमुन्यावर न्यूट्रलायझेशनची खात्रीची तपासणी व्हायला हवी होती आणि सोबत अँटी-एचबीसी, म्हणजे खऱ्या लागणीनंच तयार होणारी अँटीबॉडी. मोठ्या अक्षरातला "रिअ‍ॅक्टिव्ह" सगळ्यांनी वाचला, आकडा कुणीही नाही. आमच्या व्यवसायाचा हा जुना दोष आहे: एका शब्दात निकाल देतो आणि त्या शब्दाचं वजन किती ते कोपऱ्यात छापतो.

पण लस हेच कारण, हे नुसत्या तारखेवरून म्हणणं म्हणजे भुईआवळ्याच्या बाजूनं केलेली चूक मी लसीच्या बाजूनं करणं झालं असतं. खरी, अगदी ताजी लागणही सुरुवातीला अशीच दिसू शकते. तेव्हाही एचबीएसएजी आधी येतं आणि अँटी-एचबीसी मागून. म्हणून ९ ऑगस्टला काकूंचं रक्त पुन्हा घेतलं, तिसरा डोस टोचण्याच्या आदल्या दिवशी, मुद्दाम. एकूण अँटी-एचबीसी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. बी विषाणूचा डीएनए आढळला नाही.

अँटी-एचबीसी ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी. लसीत गाभा नसतोच, त्यामुळे लसीनं ती कधीच तयार होत नाही; खऱ्या लागणीनं होते आणि रोग बरा झाला तरी बहुतेकांत आयुष्यभर राहते. जुलैत काकूंना खरंच हिपॅटायटिस बी झाला असता आणि तो भुईआवळ्यानंच काय, कशानंही बरा झाला असता, तरी ऑगस्टपर्यंत ही खूण उमटायला हवी होती. ती नव्हती. उतरवायला कावीळ मुळात झालीच नव्हती.

जाता जाता सीबद्दल. काकूंचा हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट सुरुवातीला कार्ड टेस्टवर केलेला होता, फक्त अँटीबॉडीचा. डायलिसिसच्या रुग्णात अँटीबॉडी उशिरा बनते, कधी बनतच नाही, त्यामुळे निगेटिव्ह कार्डवर विसंबणं धोक्याचं. आम्ही सीचा आरएनए करून घेतला. तोही आढळला नाही. आणि गंमत अशी की ज्याला विषाणू शरीरातून खरोखर "गेला" म्हणतात तसा घालवणारा उपचार आज सीवर आहे, बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि डायलिसिसवर असलेल्यांनाही देता येतात. बीसाठी असं काही अजून नाही. बीवरच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात.

भुईआवळ्याची बाजू

मुलगा शिकलेला, आयटीत. त्यानं फोनवर शोधून ठेवलं होतं: "मॅडम, लॅन्सेटमध्ये आलंय." लॅन्सेट हे नावाजलेलं वैद्यकीय नियतकालिक. आलंय, खरंच. १९८८ साली मद्रासच्या त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी भुईआवळ्याची चाचणी छापली. सहलेखकांत बारूख ब्लूमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधला आणि १९७६ मध्ये नोबेल मिळवलं तेच. ३० दिवस, दिवसातून तीनदा २०० मिलिग्रॅम पावडर. भुईआवळा घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांचं एचबीएसएजी गेलं; नुसती साखर घेतलेल्या २३ पैकी एकाचं. हे आकडे पाहून कुणाचीही छाती फुगावी. जुनाट बीमध्ये एचबीएसएजी आपोआप जाण्याचं प्रमाण वर्षाला साधारण शंभरात एक, आणि इथे महिन्यात निम्म्याहून जास्त.

त्यामुळेच जगभर पुन्हा चाचण्या झाल्या. थायलंडमध्ये झाली, इतरत्र झाल्या, आणि तसा परिणाम काही हाती आला नाही. कुणी म्हणालं वनस्पतीची जात वेगळी, कुणी म्हणालं तोडणीचा हंगाम वेगळा. भुईआवळा म्हणून बाजारात येणाऱ्या झुडपांत तीन-चार जाती सरमिसळ असतात हेही खरं. २०११ मध्ये कोक्रेननं, म्हणजे उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या आणि साखरेच्या गोळीपेक्षा भुईआवळा सरस ठरतो असा खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. या संशोधनाची मी टिंगल करणार नाही. प्रश्न रास्त होता, तुलनेला दुसरा गट होता, आणि निकाल पुन्हा तपासायला जग मोकळं होतं. काकूंच्या घरात यांतलं काहीच नव्हतं. होते दोन रिपोर्ट आणि मधला काढा.

दुसरा पुरावा मुलाकडे क्रिएटिनिनचा होता: जूनमध्ये ९.१, ऑगस्टमध्ये ३.६. वही उघडली. जूनचं रक्त मशीनला जोडण्याआधीचं, ऑगस्टचं मशीनवरून उतरल्यावरचं. क्रिएटिनिन हा किडनीनं बाहेर टाकायचा घटक, आणि मशीन तोच रक्तातून काढतं. पुढे बोलायची गरज पडली नाही.

पुडी

पुडीच्या कागदावर बॉलपेननं "श्वे. प." असं लिहिलेलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून आमच्या इमारतीतच प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्यांना विचारलं. ते एमडी आयुर्वेद आहेत. त्यांनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "श्वेत पर्पटी. मूत्रल म्हणून देतात. पण यांना लघवीच होत नाही, तर मूत्रल कुणाला देताय?"

ग्रंथातली कृती त्यांनीच सांगितली: सोरा सोळा भाग, तुरटी दोन, नवसागर एक. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याच्या वजनातला सुमारे ३९ टक्के भाग निव्वळ पोटॅशियम. पुडीत खरोखर हेच असेल तर दिवसाच्या दोन ग्रॅममध्ये सोरा साधारण १.७ ग्रॅम, म्हणजे पोटॅशियम ६५० मिलिग्रॅम. डायलिसिसच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ दिवसाला दोन हजारच्या आसपास थांबायला सांगतात. भाज्या दोनदा उकडून पाणी फेकायचं, नारळपाणी बंद, ते याच दोन हजारांच्या हिशेबापोटी. त्यातला तिसरा हिस्सा पुडीतूनच. पुनर्नव्यातही पोटॅशियम नायट्रेट असतं, आणि काढा म्हणजे वनस्पतीतले सगळे विरघळणारे क्षार आटवून कपात आणणं. काढ्याचे दोन कप पाण्याच्या रोजच्या मोजमापात कुणी धरले नव्हते तो भाग वेगळाच.

तरी ७.१ला एकटी पुडी जबाबदार असं मी लिहिणार नाही. एक डायलिसिस चुकलं होतं, पुढची तीन-तीन तासांचीच झाली होती. म्हणजे पोटॅशियम घरात वाढत होतं आणि सेंटरवर कमी निघत होतं, आणि दोन्हींच्या मुळाशी तो १३ जुलैचा एक शब्द होता. पुडी बंद झाल्यावर आणि डॉक्टरांनी भांडून पुन्हा चार तास मिळवून दिल्यावर पुढचं पोटॅशियम ५.४ आलं.

वैद्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला मोलाचं वाटलं. नाव नसलेल्या पुडीत धोका त्या नाव नसण्यातच असतो. बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल घेतलेल्या बायकांच्या किडन्या झपाट्यानं निकामी झाल्याचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची जात भरली गेली होती. पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्याच कुळातली आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसन. काकूंच्या पिशवीत तसलं काही असल्याचा पुरावा नाही. पण पिशवीत काय होतं हे कुणी छातीठोक सांगूही शकत नव्हतं, अगदी दुकानदारही. भस्मांचा संशय नको म्हणून रक्तातलं शिसं तेवढं करून घेतलं, ते ठीक आलं.

पुढे

९ ऑगस्टचे रिपोर्ट आणि लसीच्या कार्डाची झेरॉक्स जोडून काकूंच्या नेफ्रॉलॉजिस्टनी दोन्ही सेंटरना पत्र लिहिलं. सिंहगड रोडच्या सेंटरनं त्यांना नेहमीच्या मशीनवर घेतलं, पण अँटी-एचबीसी आणि डीएनए पुन्हा करायच्या अटीवर. ती अट रास्त होती. बीच्या मशीनवर तीन आठवडे काढले होते आणि लागण झाली असली तर दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात जड गेलं. आत्ताच तर सांगितलं होतं की काही झालं नाही, आणि आता म्हणतो की होऊ शकलं असतं, थांबून पाहू.

चौथा डोस १० डिसेंबरला झाला. त्यानंतर तपासणी लगेच करायची नाही हे आता सूनबाईंनाच पाठ होतं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लसीच्या चारही तारखा लाल पेननं लिहिल्या आहेत. जानेवारीच्या शेवटी रक्त घेतलं. एचबीएसएजी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, अँटी-एचबीसी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, डीएनए नाही. संरक्षण देणारी अँटीबॉडी ४१. दहाच्या वर असली की पुरे, पण डायलिसिसवर ती उतरत जाते, म्हणून दर वर्षी मोजायची आणि दहाखाली आली की बूस्टर. सेंटरनं नव्या रुग्णाच्या फॉर्मवर लसीच्या तारखेचा रकाना टाकला आहे. आमच्या लॅबच्या फॉर्मवर तो यावा म्हणून मी मागे लागले आहे, सॉफ्टवेअरवाले पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणतात.

मुलाला लसीचं पटलं, पण अर्धंच. "पॉझिटिव्ह लसीनं आलं असेल मॅडम, मान्य. पण इतक्या लवकर निगेटिव्ह?" एकवीस दिवसांचा हिशेब पुन्हा सांगितला. मान हलवली. अडचण अशी की ऑगस्टमध्ये त्यानं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तो फोटो आता कुठून कुठे गेला ते त्यालाही माहीत नाही. अजून त्याला लोकांचे फोन येतात, त्यात डायलिसिसवाले असतात. सूनबाई म्हणतात, आता ते कुणालाही काढा सांगत नाहीत. काकू म्हणतात, सांगतो, पण पुडी वगळून.